बाळाला जुलाब, आरोपी आई!

पावसाळा लागला की सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर एक चित्र लागते. त्यात हिरव्या साडीतली एक आई साबणाने हात धूत असते. शेजारी गुटगुटीत बाळ, झाकलेले हंडे, लख्ख मोरी. खाली लिहिलेले असते की हात धुवा, अतिसार टाळा. या चित्रातल्या नळाला चोवीस तास पाणी असते. चित्रातल्या आईला कामावर जायचे नसते. तिच्या घराशेजारून गटार वाहत नाही आणि संडासाला जायला तिला डबा घेऊन रांगेत उभे राहावे लागत नाही. हे चित्र कोणासाठी काढले आहे, हा प्रश्न चित्र काढणाऱ्याला कधी पडत नाही. बाळाला जुलाब झाले याचा अर्थ आईने हात धुतले नाहीत, एवढे मात्र त्यातून प्रत्येकाच्या डोक्यात पक्के बसते.

लहान मुलांचे जुलाब आणि कुपोषण यांवर लिहायचे म्हटले की लोकांना जव्हार-मोखाडा आठवतो, मेळघाट आठवतो. आठवायलाच हवा. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुले गेली तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाण्याच्या कागदावरून ते ओझे उतरले. पण मी मुद्दाम नौपाड्यापासून सुरुवात करतो आहे. गोखले रोड, राम मारुती रोड, घंटाळी, साड्यांची आणि सोन्याची दुकाने, पावला-पावलावर डॉक्टरांच्या पाट्या. इथे कुठले आले कुपोषण, असे कोणीही विचारेल. ते इथे रोज सकाळी साडेसातला येते आणि दुपारी परत जाते. कोपरीतून, किसननगरमधून, कळव्यातून, मुंब्र्यातून, दिव्यातून धुणीभांडी करायला बाया येतात. त्यांचे दहा महिन्यांचे बाळ घरी नऊ वर्षांच्या ताईकडे असते. त्याला सकाळी चहात बुडवलेले बिस्किट मिळते, दुपारी पाच रुपयांची कुरकुऱ्याची पुडी. आई येईपर्यंत ते रडून झोपलेले असते. नौपाड्यातल्या स्वयंपाकघरांची स्वच्छता ज्या हातांवर चालते, त्या हातांनाच आपण 'हात धुवा' शिकवायला निघालो आहोत.

आता आजाराकडे येऊ. आमच्या बाया दोन शब्द वापरतात. जुलाबात बाळ 'सुकले' म्हणतात आणि जुलाबानंतर बाळ 'वाळले' म्हणतात. डॉक्टरी पुस्तकातल्या दोन प्रकरणांचा फरक या दोन शब्दांत आहे. सुकणे म्हणजे अंगातले पाणी आणि क्षार जाणे. टाळू बसते, डोळे खोल जातात, लघवी कमी होते, आणि वेळेत पाणी-क्षार मिळाले नाहीत तर एक-दोन दिवसांत मूल दगावते. वाळणे सावकाश होते. जुलाबात भूक मरते, तापात शरीर स्वतःचेच मांस जाळते, आतड्याच्या आतले अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. मूल बरे होते, खेळायला लागते, पण गेलेले वजन भरून येण्याआधीच पुढचे जुलाब लागतात. कुपोषित आतडे जंतूंना लवकर बळी पडते आणि जंतू आतडे आणखी झिजवतात. नेव्हिन स्क्रिमशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात हे दुष्टचक्र मांडले. लिओनार्डो माता यांनी ग्वाटेमालातल्या सांता मारिया काउके या गरीब आदिवासी गावात मुलांची वर्षानुवर्षे वजने घेऊन ते दाखवून दिले. २००८ साली पाच देशांतल्या नऊ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करण्यात आली. दोन वर्षांच्या वयात दिसणाऱ्या खुरटेपणातला सुमारे २५ टक्के वाटा पाच किंवा त्याहून जास्त वेळा जुलाब होण्याशी जोडता येतो, असे त्यात निघाले.

खुरटलेले मूल ठेंगू राहते, एवढ्यावर हे थांबत नाही. पहिल्या दोन वर्षांत मेंदू सर्वाधिक वेगाने वाढत असतो. शाळेत आमची मुले मागे का, असा प्रश्न विचारणारे आणि 'गुणवत्ता' शब्द जपमाळेसारखा ओढणारे लोक या दोन वर्षांत काय झाले ते कधीच बघत नाहीत.

सुकण्यावरचा उपाय आपल्या शेजारच्याच बंगालमध्ये सिद्ध झाला. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मिसळून पिंपे भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाणी पाजायला सांगितले. जिथे ३० टक्के रुग्ण मरत होते तिथे मृत्यू ३.६ टक्क्यांवर आले. त्या छावणीत निर्वासित, गरीब, अनेकदा निरक्षर आयाच डॉक्टर झाल्या. त्यांना कोणी अडाणी म्हटले नाही, त्यांच्या हातात पिंपाचा नळ दिला. 'लॅन्सेट'ने १९७८ मध्ये या शोधाला शतकातला कदाचित सर्वात महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले आणि पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळाले. असो.

त्या पिंपातले पाणी आज जलसंजीवनीच्या पुडीत मिळते. एका लिटरला २०.५ ग्रॅमची पुडी, त्यात साखर फक्त १३.५ ग्रॅम. सरकारी केंद्रात ती फुकट आहे. पण औषधांच्या दुकानात जाऊन 'ओआरएस द्या' म्हणा. कित्येक वर्षे हातात रंगीत खोका पडत होता, सफरचंदाच्या नाहीतर संत्र्याच्या चवीचा, साखरेने भरलेला. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या वेष्टनावर 'ओआरएस' हा शब्द वापरायला बंदी केली. ज्या बाईने दिवसाच्या मजुरीतले पैसे मोजून तो खोका घेतला ती अडाणी होती का? तिने वेष्टनावर लिहिले होते त्यावर विश्वास ठेवला. लिहिणारे शिकलेले होते.

जस्ताच्या गोळीचेही तसेच. जुलाब लागल्यावर १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम जस्त द्यायचे, सहा महिन्यांखालच्या बाळाला १० मिलिग्रॅम. आजार लवकर आवरतो आणि पुढचे काही महिने जुलाबाची शक्यता कमी होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ २००४ पासून हे सांगत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांना जलसंजीवनी मिळाली, जस्त फक्त ३०.५ टक्क्यांना. गोळी स्वस्त आहे, कडू नाही, सुईही टोचायची नाही. पण वस्तीतला डॉक्टर सलाईन लावतो, प्रतिजैविक लिहितो, कारण गोळी लिहून फी मागता येत नाही. रक्त न पडणाऱ्या साध्या पातळ जुलाबाला बहुतेक वेळा प्रतिजैविकाची गरजच नसते.

आणि आता वाळण्याचा प्रश्न, ज्याच्याबद्दल भित्तीचित्र गप्प आहे. जलसंजीवनीने मूल मरणातून वाचते, वजन परत येत नाही. त्याला अन्न लागते. जुलाब चालू असतानाही अंगावरचे दूध आणि वरचे खाणे थांबवायचे नाही आणि बरे झाल्यावर किमान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यायचे, असा नियम आहे. इथे आपल्या घरातलीही चूक बोलली पाहिजे. 'पोटाला आराम द्या' म्हणून साबुदाण्याच्या पाण्यावर आणि काळ्या चहावर बाळाला आठवडाभर ठेवणाऱ्या आज्या आपल्याकडे आहेत. 'दात येतायत, होणारच' म्हणून सोडून देणारेही आहेत. मऊ भात, मुगाची खिचडी, त्यात चमचाभर तेल, कुस्करलेले केळे, अंडे, हे आजारातही चालते आणि लागतेच. ज्या समाजाने नवस-अंगारे सोडून दिले त्याने हाही अंगारा सोडावा.

पण 'एक जेवण जास्त' हे वाक्य लिहायला सोपे आहे. आजारी बाळ एका बैठकीत चार घास खाते. त्याला दर दोन तासांनी, मांडीवर घेऊन, चुचकारत भरवावे लागते. म्हणजे जास्तीच्या जेवणाबरोबर जास्तीची आईही लागते, आणि आईने चार दिवस खाडा केला की नौपाड्यातल्या तीन घरांपैकी एक घर सुटते. अंगावर पाजण्याचेही हेच. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, म्हणजे जुलाबापासूनचे सर्वात मोठे संरक्षण. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये २६ आठवड्यांची पगारी रजा आली. ती आस्थापनेत नोकरी करणाऱ्या बाईला. धुणेभांडी करणारीला? महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण पगारी रजेचा हक्क त्यात नाही. अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये लिहून दिले. केंद्राने पुढे मातृवंदना योजना आणून पहिल्या बाळासाठी ते ५,००० केले.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा गिरणीमालकांच्या बाजूने रड सुरू झाली होती की हा बोजा उद्योगाला झेपणार नाही. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून खरे तर मोठा भार सरकारने उचलावा, पण जो मालक तिच्या श्रमावर कमावतो त्यानेही तो उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. जवळपास शंभर वर्षे झाली. आज तो मालक राम मारुती रोडवरच्या सोसायटीत राहतो, कदाचित माझ्या-तुमच्यासारखा शिकलेला, नोकरदार, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावणाराही असेल. आपल्याकडे काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा देणारी किती आंबेडकरी घरे ठाण्यात आहेत, हे एकदा आपसात विचारून बघा.

पोरे गमावण्याचे दुःख बाबासाहेबांना कोणी सांगायला नको होते. पाच अपत्यांपैकी यशवंत एकटे वाचले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले रमाईच्या डोळ्यांदेखत गेली. राजरत्न न्यूमोनियाने गेला तो जुलै १९२६ मध्ये, आणि महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. दोन्ही तारखा आपल्याला पाठ आहेत, पण आपण त्या शेजारी ठेवून पाहत नाही. बोले ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये झाला होता, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले होते, तरी पाणी प्यायला हजारो माणसांना मोर्चाने जावे लागले. पाणी कागदावर असणे आणि ओंजळीत असणे यातले अंतर आजही तेच आहे.

ठाणे शहराला भातसाचे पाणी येते. भातसा धरण शहापूर तालुक्यात, तानसा आणि वैतरणाही त्याच पट्ट्यात. त्याच शहापूरचे आदिवासी पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. धरण उशाला अन् कोरड घशाला ही म्हण तिथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. आणि ते पाणी शहरात पोचल्यावर? सोसायटीच्या टाकीत ते सरळ येते. वस्तीत ते ठराविक वेळ येते, तेही गटारातून किंवा गटाराला खेटून गेलेल्या पाइपातून. पाणी बंद झाले की पाइपात दाब उरत नाही आणि जिथे सांधा गळतो तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. पुन्हा पाणी सुटल्यावर पहिला हंडा त्या घाणीचा भरतो. हे पाणी पिंपात साठवायचे, त्यात मग बुडवायचा, आणि मग चित्रातल्यासारखे साबणाने हात धुवायचे! वस्ती 'अनधिकृत' असेल तर नळजोडणीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट सांगितले की झोपडी बेकायदा असली तरी माणसाचा पाण्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये येतो. वस्ती कधी वसली त्या तारखेवरून तहान ठरत नाही.

इथे एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये मोठे शास्त्रीय प्रयोग झाले. पाण्यात क्लोरीन, सुधारलेला संडास, हात धुण्याची सोय असे दिले आणि मुलांची उंची मोजली. २०१८-१९ मध्ये निष्कर्ष आले. बांगलादेशात जुलाब कमी झाले, केनियात तेही नाही, आणि उंची कुठेच वाढली नाही. लगेच काहींनी म्हटले की बघा, पाणी-संडासावर खर्च वाया जातो. मला यातून उलटे दिसते. क्लोरीनची बाटली आणि साबण देऊन गरिबांना 'सुधारायचे' प्रयोग पुरे झाले. ज्या देशांत जुलाब हटले तिथे घराघरात दाबाने येणारे पाणी आणि झाकलेली मलवाहिनी आली, सगळ्यांना एकदम आली. नौपाड्याला मलवाहिनी आणि पलीकडच्या वस्तीला प्रबोधन, ही वाटणी विज्ञानाची नाही. गावकुसाची कल्पना तीच आहे, फक्त ती आता पाइपातून वाहते.

जातीचा संबंध ओढूनताणून जोडतोय, असे म्हणणारे येतीलच. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत खुरटेपणा ३५.५ टक्के आहे. अनुसूचित जातींत तो सुमारे ३९, अनुसूचित जमातींत ४१, आणि या सगळ्या प्रवर्गांबाहेरच्यांत ३० टक्के. डायेन कॉफी आणि डीन स्पिअर्स यांनी २०१७ च्या पुस्तकात दाखवले की भारतात लोक साध्या खड्ड्याचा संडास का नाकारतात. तो खड्डा भरल्यावर कोणी उपसायचा, हा प्रश्न जातीशी बांधलेला आहे. शिवाशिवीने स्वतःचे अंगण सारवले आणि घाण दुसऱ्याच्या दारात लोटली. ती घाण काढणाऱ्याच्या घरातले बाळ तिचा हप्ता भरते.

आणि महाराष्ट्र? पुरोगामी, श्रीमंत, वगैरे. देशात उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले १९.३ टक्के, महाराष्ट्रात २५.६ टक्के. अतितीव्र, म्हणजे अंगणवाडीच्या भाषेत 'सॅम', २०१५-१६ मध्ये ९.४ टक्के होती ती १०.९ झाली. हा आकडा बातमीत दोन दिवसही टिकला नाही.

याच काळात सरकार काय करत होते ते बघा. अंगणवाडीतल्या मुलाच्या रोजच्या पूरक आहाराचा दर २०१७ मध्ये ८ रुपये ठरला, तीव्र कुपोषिताचा १२ रुपये. त्यात ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने बसवायची. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले होते की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत. महाराष्ट्रात बचत गटांच्या नावाखाली मोठे पुरवठादार शिरले, आणि २०१६ च्या निविदा शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच रद्द कराव्या लागल्या. शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये अंडे आले आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा पैसा बंद केला. हवे असेल तर लोकसहभागातून द्या म्हणे. अंडे हे आजारातून उठलेल्या पोराला लागणाऱ्या प्रथिनांचे सर्वात सोयीचे पाकीट. भेसळ करता येत नाही, पाणी घालता येत नाही, घाणेरडा हात कवचाच्या आत जात नाही. नेमके तेच कोणाच्या तरी सोवळ्याला खुपते. ज्यांच्या घरी पनीर आहे, बदाम आहेत, त्यांच्या भावनांसाठी आमच्या पोरांच्या ताटातले अंडे काढायचे, हा न्याय कुठला?

आता चळवळीकडे. ठाणे-कल्याण पट्ट्यात बुद्धविहारांची कमी नाही, जयंती मंडळांची तर मुळीच नाही. विहारात धम्मवर्ग चालतात, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका चालतात, चांगलेच आहे. पण पोराचे जुलाब हा 'बायकांचा विषय' म्हणून आपण सोडून दिला आहे. दंडघेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर ते मूल तीव्र कुपोषित. अंगणवाडीताईकडे ही पट्टी असते, वापरायला दोन मिनिटे लागतात. विहारात महिन्यातून एका रविवारी वस्तीतली सगळी मुले मोजता येतील. ज्याचे जुलाब १४ दिवसांवर गेले, ज्याच्या शौचात रक्त आहे, ज्याला काही पाजले तरी उलटते किंवा जे मलूल पडून आहे, त्याला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेता येईल. मोजलेल्या मुलांची यादी हा राजकीय कागद असतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ६ नुसार कुपोषित मूल शोधून त्याला अंगणवाडीतून मोफत आहार देणे हे राज्य सरकारचे बंधन आहे, आणि आहार दिला नाही तर कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो.

आणि ज्या वस्तीत अंगणवाडीच नाही तिथले काय? सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश काढून वाचा. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या आणि झोपडपट्ट्या यांना नव्या अंगणवाड्यांत प्राधान्य, आणि सहा वर्षांखालची किमान ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी. अर्जाला एक पान लागते. मागे चाळीस मुलांची नावे, वय आणि दंडाचा घेर जोडायचा, पोच घ्यायची आणि तारीख लिहून ठेवायची.